केबिनीतला चहा

शिरगावात माझ्या चहाच्या गाड्यापुढे एक ड्रायव्हर आपला खनिजाचा ट्रक उभा करायचा आणि नुसता हॉर्न द्यायचा. चहा केबिनीपर्यंत मीच न्यायची. "वयनी, मी खाली उतारलंय तर ट्रक रुसतलो," म्हणायचा. हट्टी मेला! असा बसून बसून पाय सुजला, पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकली, श्वास घेता येईना. डॉक्टरांनी जांघेतून बारीक नळी थेट गुठळीपर्यंत नेली, औषध सोडून ती विरघळवली.

आज कित्येक आठवड्यांनी तोच हॉर्न वाजला. ग्लास घेऊन धावले, तर केबिन रिकामी! वळून बघते तर हा माझ्या बाकड्यापाशी, छाती भरून श्वास घेत उभा.

"रुसांदे ट्रक! चाय हंयच दी."