पैलवानाचा डावा पाय

माझा आवाज मोठा आहे, असं माझ्या सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसणारे सगळेच सांगतात. असू दे. कोल्हापुरात वाढलेली बाई कुजबुजत बोलायला लागली तर घरचे तिला ताप आलाय का बघतील. माझी पंधरा वर्षं गरोदर बायका आणि मुतखडे बघण्यात गेली. मग खेळाडूंचे स्नायू बघायला शिकले आणि बाहेरच्या बाकावर पैलवान दिसू लागले. ज्या बाकावर चार माणसं मावायची, तो आता दोघांत भरतो.

तो पैलवान आला तेव्हा आधीच दुसऱ्या तालमीतले दोघे तिथं बसले होते. त्याच्याबरोबर त्याचे वस्ताद होते, त्याला लहानपणापासून कुस्ती शिकवणारे. सत्तरी ओलांडलेले, पण उभे राहिले की दार भरायचं. हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती: डावी मांडी, मागची बाजू, स्नायू फाटलाय का बघावं. आठ दिवसांवर निवड चाचणी होती. तिथं जिंकला तर खेळाडूंच्या भरतीतली नोकरी, आणि यंदा हुकली तर पुढच्या वर्षी वय बसत नव्हतं. वस्तादांनी हे मला दारातच ऐकवलं. "बाई, निवांत बघा. पोराचं सगळं ह्याच्यावर हाय," म्हणाले.

वस्तादांना बाहेर बसवून मी पैलवानाला टेबलावर चढायला सांगितलं. तो पालथा झोपला. डाव्या मांडीला हळद-तुरटीचा जाड लेप आणि वर पट्टी. साऱ्या खोलीला वास सुटला.

"आता ह्या भिंतीतून मी बघू कशी रे?"

मी चरफडत लेप पुसून काढला, जेल लावलं आणि प्रोब फिरवायला लागले. चांगला स्नायू पडद्यावर विंचरलेल्या केसांसारखा दिसतो, सगळ्या रेघा एका दिशेनं गेलेल्या. त्याच्या डाव्या मांडीत एक रेघ इकडची तिकडे नव्हती. दाबून विचारलं, दुखतंय? व्हय. इथं? व्हय. आणि इथं? तिथंबी. माझं डोकं फिरलं. सकाळपासून बसलेले पेशंट बाहेर ताटकळत होते, आणि हा गुडघ्यापासून ढुंगणापर्यंत सगळीकडे व्हय म्हणत होता.

दुसरी बाजू तुलनेसाठी बघायचीच, ही माझी सवय. मी उजव्या पायाला जेल लावलं.

"तो नगं मॅडम. तो चांगला हाय."

"चांगला आहे म्हणूनच बघायचाय."

प्रोब टेकवला आणि त्यानं टेबलाची कड घट्ट धरली. पडद्यावर रेघा मध्येच तुटलेल्या, आणि त्यांच्यामध्ये रक्त साठल्याचा काळा डाग. पाय जरा दुमडायला लावला. फट माझ्या डोळ्यांदेखत रुंदावली. अर्ध्याच्या वर स्नायू फाटला होता. आणि मला आता कुठे उमगलं, की टेबलाच्या पायरीवर ह्यानं डावाच पाय आधी टाकला होता. दुखऱ्या पायावर कोण चढतं? इतकी वर्षं काय बघितलं मी, असं वाटून स्वतःचाच राग आला.

"डॉक्टरांनापण डावाच सांगितलास?"

"व्हय."

"का?"

"कुस्तीत दुखऱ्या पायालाच हात घालून पट काढत्यात मॅडम, खाली पाडाय. भाईर ती पोरं बसल्यात. उजवा म्हटलं तर सांजच्याला गावभर हुतंय."

"आणि लेप?"

"तोबी त्याच्यासाठीच."

मी त्याला सरळ सांगितलं. सहा ते आठ आठवडे आखाड्यात उतरायचं नाही. आत्ता लढलास तर उरलेलाही फाटेल, मग ऑपरेशन, आणि पुढं कुस्ती होईल की नाही सांगता येत नाही. त्यानं मान वळवून पडद्याकडे बघितलं. मग म्हणाला, "चिठ्ठी डाव्याची हाय न्हवं? मग डाव्याचंच लिवा की. तो चांगलाच हाय. तुमी खोटं कुठं बोलताय?"

खरं सांगते, माझा हात थांबला. डावा पाय खरोखरच ठणठणीत होता. एका ओळीत रिपोर्ट झाला असता आणि पोराला ती एक कुस्ती मिळाली असती. वाईट वाटलं मला, फार वाईट वाटलं. पण पडद्यावरची ती फट मी पाहिली होती, आणि ती विसरायची कशी ते मला येत नव्हतं.

"दोन्ही पाय लिहिणार," मी म्हटलं. "कागद कुणाला दाखवायचा ते तू ठरव. वस्तादांना ठाऊक आहे?"

त्यानं मान हलवली. नाही.

मी चकित झाले. रोज ह्याच्या अंगाला माती लावणारा माणूस, त्यालाही ठाऊक नाही? मग तोच म्हणाला, "बलवा त्यास्नी."

वस्ताद आत आले. मी दार लावून घेतलं, त्यांना पडदा दाखवला, पैलवानाला पुन्हा पाय दुमडायला लावला. फट उघडली. वस्तादांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी जन्मभर हीच अंगं हातांनी बघितली होती.

"कवापास्नं?"

"तीन आठवडं."

"आनि आठ दिसांनी ह्याच पायावर हुबा ऱ्हानार हुतास?" वस्ताद म्हणाले, "चाचणी न्हाय खेळायची. झालं." मग जरा थांबून, अगदी खालच्या आवाजात, "माझ्याफुडं रोज बैठका मारतुयास तू. मला का न्हाय सांगितलंस?"

तो उशीत तोंड घालून पडला होता. खांदे हलत होते.

"तुमीच शिकवलंय की वस्ताद. दुखनं कुनाला सांगू ने."

वस्तादांनी टेबलावरचा टॉवेल उचलला आणि त्याच्या मांडीवरचं जेल स्वतःच पुसायला लागले, फाटल्या जागेवर हात अगदी हलका ठेवून.

"कुनाला म्हंजी मला न्हवं रं लेकरा," म्हणाले. "मला न्हवं."