घाबरणाऱ्यांची होडी

मामंजींच्या मागे आमच्या ह्यांनी तळ्यावर पर्यटकांना फिरवायची होडी चालवायला घेतली, तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, हा लहानपणी बादलीतल्या पाण्यालासुद्धा भ्यायचा." मला वाटलं, चेष्टा करतायत. कसली चेष्टा!

लाइफ जॅकेटची गाठ हे पुन्हा पुन्हा तपासणार. आभाळात तळहाताएवढा ढग दिसला की होडी माघारी. एका नव्या जोडप्याला फोटोसाठी उभंच राहू दिलं नाही. नवरा वैतागला, "काका, होडी चालवता की बालवाडी?" शेजारचा होडीवाला मात्र उभ्याने वल्हं मारायचा, वर शीळ घालायचा. गिऱ्हाईक सगळं त्याच्याकडे.

शेवटी मी निक्षून सांगितलं, "हा हंगाम असाच गेला तर होडी विकायची आणि माझ्या भावाच्या दुकानात कापडांच्या घड्या घालायला जायचं." तोंड एवढंसं झालं त्यांचं. वडिलांची होडी ती, फार जीव होता तिच्यावर.

मग एक दिवस मोठं कुटुंब आलं. सगळे शेजाऱ्याच्या होडीत चढले, आजी तेवढ्या पिशव्या सांभाळत काठावर बसल्या. आमचे हे रिकाम्या होडीत बसून स्वतःचीच गाठ तपासत होते. आजींनी विचारलं, "काय हो, नावाडी असून तुम्हाला भीती वाटते?"

"वाटते ना! रोज."

आजी उठल्याच. "मग चला. आमच्याकडे कुणालाच वाटत नाही, म्हणून त्यांच्याबरोबर बसायचा धीर होत नाही मला."

काठाकाठाने गेले दोघं. आजी विचारायच्या, इथे किती खोल? की हे लगेच वल्हं बुडवून दाखवायचे. परत आल्या त्या हसतच. उतरायचं नावच घेईनात. "अजून एकदा," म्हणाल्या. मला मेलीला रडूच आलं.

त्यांनी कुणाकुणाला सांगितलं देव जाणे, पण पोहता न येणारे, लेकुरवाळ्या बाया, काठीवाले आजोबा, सगळे आमच्याकडे यायला लागले. 'घाबरणाऱ्यांची होडी' अशी पाटी मीच रंगवली. दुकानाचा विषय निघाला नाही पुन्हा.

आणि परवा बघते तर काय! साहेब उभ्याने वल्हं मारत, शीळ घालत येतायत! होडीतल्या बाया पांढऱ्याफटक.

मी काठावरून ओरडले, "खाली बसा आधी! खबरदार पुन्हा धीट झालात तर! घर चालतंय तुमच्या भीतीवर!"

बसले बिचारे. गाठ तपासली.