उंबऱ्यावरची पाटी

मास्तरकीच्या दुसऱ्या वर्षी नाशकातल्या एका मराठी शाळेत मी चौथीला गुलामांच्या व्यापाराचा धडा शिकवला. तेव्हा माझा आवाज मोठा होता आणि स्वतःविषयीचं मत त्याहून मोठं. बाजारात विकली जाणारी माणसं, साखळदंड, उसाचे मळे, सगळं हातवारे करून सांगितलं. शेवटी म्हणालो, गुलामांनी पिकवलेली म्हणून विलायतेतल्या पुष्कळ घरांनी साखर खाणंच सोडलं होतं.

वर्गाबाहेरच्या ओट्यावरून एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, साखर सोडली तव्हा लोक बोलले नाय का त्यांना?"

"बोलले असतील. म्हणून काय झालं?" मी ऐटीत म्हणालो.

ही मुलगी अस्पृश्यांची, म्हणून वर्गाबाहेर बसायची. रिवाज असा, की तिनं पाटी उंबऱ्यावर ठेवायची आणि मास्तरांनी हात न लावता, उभ्यानंच उत्तर बघायचं. तिचा गुणाकार वर्षभर चुकत होता. वडील देवळालीच्या छावणीत कामाला. यंदा नापास झालीस तर शाळा बंद, असं त्यांनी बजावलं होतं आणि परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती.

त्या दुपारीही तिनं पाटी ठेवली. मी उभ्यानंच म्हणालो, "चूक." आणि तिचा प्रश्न आठवून मला माझीच भयंकर लाज वाटली. लोक बोलतील, एवढ्याच भीतीनं मी वर्षभर वाकलो नव्हतो.

खाली बसलो, पाटी हातात घेतली. आकडे बारीक, फिकट. पायऱ्या सगळ्या बरोबर. पोर फक्त हातचा मिळवायला विसरत होती. प्रत्येक वेळी तेवढंच! उभ्या माणसाला हे दिसणार कसं? मी तिला ढ ठरवून मोकळा झालो होतो.

हातचा कुठे मांडून ठेवायचा ते तिच्याच पाटीवर लिहून दाखवलं. संध्याकाळी हेडमास्तरांनी माझी खरडपट्टी काढली, घरमालकिणीनं आंघोळ केल्याशिवाय आत घेतलं नाही. मेलो नाही मी त्यानं.

दुसऱ्या दिवशी तिचा गुणाकार जमला. मी पाटीवर बरोबरची भली मोठी खूण केली.

तिसऱ्या दिवशी नवं गणित सांगितलं, तर ती पाटी अंगापासून लांब धरून नुसतीच उभी.

"पुसली का नाहीस?"

"बा रईवारी येतोय छावणीतून. त्याला दावायचीय."

रविवार तीन दिवसांवर होता. तोवर तिनं सगळी गणितं तोंडी सोडवली. चुकलं एकच.