फाटकाजवळचा पाऊण फूट रूळ

मागच्या आठवड्यात मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी घरी एक प्रताप केला… भर ऑक्टोबरात, पंखा बंद ठेवून. सोल्डरिंगला वारा चालत नाही, आणि सोलापुरात दुपारी पंख्याशिवाय बसणं म्हणजे शिक्षाच.

आमचे हे रेल्वेत लोको पायलट. फेब्रुवारीत, ज्वारीच्या सुगीत, त्यांच्या गाडीखाली एक बाई आली. घरी येऊन दोनच वाक्यं बोलले, "एक बाई आली गाडीखाली. मला जेवायला वाढू नको." तेव्हापासून त्यांना ऑफिसात बसवलंय, आणि तेव्हापासून त्यांचा उजवा हात थरथरतो.

मग हॉलमधला दिवाण गेला आणि तिथं प्लायवुड आलं. सहा बाय चारच्या फळीवर रूळ, स्टेशन, बोगदा, फाटक आणि वीतभर लांबीचं इंजिन. दिवाण माझ्या माहेरचा होता, त्यामुळे मी खूप कुरकुर केली… नव्या केरसुणीच्या काड्या मोडून नेल्या तेव्हा तर चांगलंच तोंड सोडलं. पण माणूस भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा हे बरं, असं म्हणून गप्प बसले.

गप्प कसली… हळूहळू मीच त्यात ओढली गेले. हे फळीखाली लाल-काळ्या वायरी लावून द्यायचे, सोल्डरिंग मी करायचे. शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिणारी मी, चांगली तरबेज झाले होते. फक्त फाटकाजवळचे दोन जोड त्यांनी मला करू दिले नाहीत. ते स्वतः केले, आणि अगदीच ओबडधोबड झाले.

नेमकी तिथंच गाडी अडायची. रोज संध्याकाळी स्टेशनवरून निघायची, बोगद्यातून यायची आणि फाटकापाशी थांबायची. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे… चाकांची किरकिर बंद व्हायची आणि बऱ्याच वेळाने परत सुरू व्हायची. मला वाटायचं, जोड सैल आहे. ह्यांना तो दुरुस्त करता येत नाही आणि मला सांगायला लाज वाटते.

त्या मंगळवारी हे दवाखान्यात गेले होते. परत इंजिनावर चढता येईल का, ते डॉक्टर ठरवणार होते. म्हटलं, येईपर्यंत एवढं तरी नीट करून ठेवू.

मीटर लावला. फाटकाजवळच्या पाऊण फूट रुळात करंटच नव्हता. वाकून बघितलं तर एका बाजूचा रूळ दोन्ही टोकांना केसभर कापलेला… वाटलं, करवत चालवताना हात हलला असेल. खालून वायर टाकून दोन्हीकडे जोडून दिली. गाडी सोडली. न थांबता दहा फेऱ्या! मी एकटीनेच हॉलमध्ये टाळ्या वाजवल्या, खोटं नाही सांगत.

हे पाचला आले. मी मुद्दामच काही बोलले नाही, भाकऱ्या करायला घेतल्या. हॉलमध्ये ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, मग गाडी सुरू झाली. बोगदा गेला… फाटक आलं… थांबली नाही. मी तव्यासमोर हसत उभी. आता हाक येईल म्हणून.

हाक आली नाही.

बाहेर आले तर हे एका हातात चिमटा घेऊन, फळीला धरून उभे. गाडी गोल फिरतच होती. फाटकाशी, रुळांच्या मध्ये, मी आधी कधीच न बघितलेली, बोटाच्या पेराएवढी एक बाई आडवी पडलेली. वायर आणि मातीची, अंगावर हिरव्या चिंधीचं लुगडं. तिच्या बाजूला केरसुणीच्या काड्यांचा भारा सुटून विखुरलेला.

"थांबली न्हाई गं आज," हे म्हणाले.

मी वाकून फळीखाली परत बघितलं, फाटकाच्या दांडीपासून निघालेली वायर त्याच तुकड्याला गेली होती. फाटक उघडं असलं की तेवढ्या रुळाचा करंट बंद व्हावा आणि गाडी तिच्या अलीकडेच थांबावी, म्हणून तो रूळ त्यांनी मुद्दाम कापला होता. मग चिमट्याने बाईला उचलून पलीकडे ठेवायचं, फाटक लावायचं, आणि गाडी पुढे. रोज… आणि मी शहाणी, तोच करंट जोडून मोकळी झाले.

"अहो, ते मी केलं," मी म्हटलं. "मला वाटलं बिघडलंय."

रागावले असते तर बरं झालं असतं. हे फरशीवर बसले आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याबद्दल बोलले. "हॉर्न दाबूनच धरला होता की. ब्रेक मारला. पण भारा लई मोठा, डोळ्यावर आला होता तिच्या… तिनं बघितलंच न्हाई. गाडी उभी राहिली ती पार पुढं. मागं चालत गेलो तर रुळावर नुसता कडबा."

डॉक्टरांचा कागद खिशातच होता. फिट. त्यांनी तो मला दाखवला नाही, शर्ट धुवायला घेताना मला सापडला.

चार दिवस गाडी बंद होती. रविवारी मी फळीखाली शिरले आणि माझी वायर माझ्याच हाताने काढली. टॉर्च ह्यांनी धरला होता, उजेड सारखा हलत होता. मग भारा नव्याने बांधला… केरसुणी मीच पुढे केली.

गाडी सोडली. बाईच्या अलीकडे चार बोटांवर थांबली. खरी गाडी अशी कधीच थांबत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

ह्यांनी चिमटा माझ्या हातात दिला, आणि देताना त्या बाईचं नाव घेतलं. चौकशीच्या कागदांत वाचलं असणार. आठ महिने हा माणूस ते नाव एकटाच घेऊन हिंडत होता, आणि मी दिवाणासाठी भांडत होते… याचं फार वाईट वाटतं.

येत्या सोमवारी त्यांना इंजिनावर हजर व्हायचंय. जातील की नाही, माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. पण रविवारपासून रोज संध्याकाळी गाडी फाटकापाशी थांबली की मी गॅस बंद करून बाहेर येते. तिला नावाने हाक मारते, भाऱ्यासकट उचलून पलीकडे ठेवते… आणि मगच हे फाटक लावतात.