चंडोलला उत्तर

लॅव्हिनिया टॅपलो आमच्या मुलींच्या मासिकात वाचकांच्या पत्रांना उत्तरं द्यायची. लंडनच्या त्या कचेरीत मी तिच्याच टेबलाशी बसून पाकिटं फोडत असे. मुली टोपणनावाने लिहायच्या. कुणाचे केस गळत, कुणाला कविता तपासून हवी असे. उत्तर छापून यायला सहा आठवडे लागत. टपालाने उत्तर द्यायचं नाही, हा संपादकांचा नियम.

मार्चमध्ये 'चंडोल' या नावाने पत्र आलं. 'मी कविता लिहिते म्हणून वडील म्हणतात, माझं डोकं फिरलंय. दोन डॉक्टर पाहून गेले. लवकरच मला वेड्यांच्या इस्पितळात ठेवणार आहेत. लिहिणं सोडलं तर थांबतील का? लवकर सांगा.' पत्ता नव्हता.

लॅव्हिनिया पत्र घेऊन संपादकांकडे गेली.

"मेच्या अंकात घेऊ," ते म्हणाले.

"मेपर्यंत ती आत असेल, साहेब."

"अशी नाटकी पत्रं दर महिन्याला येतात. या पोरींना दुसरं काम काय?"

पाकिटावर टपालाचा शिक्का ग्रँथम गावचा होता. दुसऱ्या दिवशी, "मी आजारी आहे म्हणून सांग," असं मला बजावून ती गाडीत बसली. तिथल्या पुस्तकवाल्याला मासिक कोण कोण घेतं ते विचारून ती दारोदार हिंडली. नवव्या घरी मोलकरणीने अक्षर ओळखलं आणि तिला रडू फुटलं.

"आमची थर्झाच ही. काल नेलं हो तिला."

मागून वडील आले, कातड्याचे व्यापारी पॉकलिंग्टन. "मासिकवाल्या तुम्हीच का? पोर बिघडवलीत ती पुरे झाली. दार लाव गं."

नातेवाईक नाही म्हणून इस्पितळाने लॅव्हिनियाला फाटकातूनच परत पाठवलं. चार वेळा. न्यायाधीशांना लिहिलं, पाद्रीसाहेबांना लिहिलं. कुणी दाद दिली नाही. मग ती दर महिन्याच्या सदरात एक ओळ घालू लागली, 'चंडोल, तुझं काही चुकलेलं नाही.' संपादकांनी खोडली की छापखान्यात जाऊन खिळे जुळवणाऱ्यांच्या विनवण्या करून परत घालायची. दहाव्या महिन्यात हे उघडकीला आलं आणि तिची नोकरी गेली. ती शर्ट शिवून पोट भरू लागली.

तिसऱ्या वर्षी पॉकलिंग्टन वारले. काकांनी थर्झाला सोडवलं, पण घरात घेतलं नाही. लॅव्हिनियाने त्या दिवशी हाती सरकवलेला घरचा पत्ता मोलकरणीने जपून ठेवला होता, तो घेऊन थर्झा आली. त्या दिवशी मी तिथेच होते. केस अगदी बारीक कापलेले, नजर जमिनीवर.

लॅव्हिनियाने ते सगळे अंक तिच्यापुढे ठेवले. "हे मिळत होते तुला?"

"नाही, मिस. आत कागदाचा कपटाही देत नसत."

"आता लिहावंसं वाटतं?"

"नाही," ती लगेच म्हणाली. मग स्वतःहून, "तिथे रोज हेच विचारायचे. नाही म्हणायची सवय लागलीय."

लॅव्हिनियाने पुन्हा कधी विचारलं नाही. थर्झा तिच्याकडेच राहिली. दोघी खिडकीशी बसून काजं करत. थर्झाने एकही ओळ लिहिलेली मी पाहिली नाही.