काचेचा कापूस करणारे साडू

माझे साडू हे जगातले एकमेव गृहस्थ असावेत, ज्यांना सरबतापेक्षा सरबताची बाटली जास्त आवडते. आमच्या बडोद्यातल्या वासण्याच्या घरी आले की आधी स्वयंपाकघरात शिरतात, बरणीला नखाने टिचकी मारून आवाज ऐकतात, आणि तळाशी लोणच्याच्या दोनच फोडी उरल्या असतील तर त्या खाऊन बरणी पिशवीत टाकतात. "ताई, संपलंच होतं हो." बायको या लुटारूला वर चहा देते.

गोरव्याला त्यांचा कारखाना आहे. जुन्या बाटल्या वितळवून केसासारखे धागे ओढायचे आणि त्यांच्या गाद्या करून घरांच्या छताखाली बसवायच्या, म्हणजे बडोद्याचे ऊन वरच राहते. हे त्यांनी सुरू केले तेव्हा मी कोयलीच्या रिफायनरीत कायम झालो होतो. "काचेचा कापूस? उद्या लोखंडाचं लोणी काढाल," असे मी भर पंगतीत म्हणालो. सगळे हसले, साडूही हसले. आता ते वाक्य सासरचे कोणी काढत नाही. काढले असते तर बरे वाटले असते.

भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे विझू द्यायची नाही, म्हणून हा माणूस गावाबाहेर मुक्काम करत नाही. लेकीच्या लग्नाला पुण्याला गेले तेही रात्रीच्या गाडीने जाऊन दुसऱ्या रात्रीच्या गाडीने परत. मंगलाष्टके चालू असताना फोनवर भट्टीचा ताप विचारत होते. व्याही घाबरले, म्हणाले, "घरात कोण आजारी आहे?"

गेल्या वर्षी त्यांनी शेजारची शेड घेऊन दुसरी भट्टी बांधायला काढली. मी नुकताच निवृत्त झालो होतो. देखरेखीला अनुभवी माणूस हवाय हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होते. साडूंनी गवंड्याला विचारले, मुहूर्तासाठी गुरुजींना विचारले, मला नाही.

"तुम्हीच विचारा की," बायको म्हणाली.

"मी? त्यांना?"

"मग बसा पेपर वाचत."

विचारण्याऐवजी मी सोसायटीत दारोदार फिरून आठ पोती काच जमवली आणि टेम्पोतून ऐटीत गोरव्याला नेली. साडूंनी हात जोडले. "वाह, साढूभाई." बस, एवढेच.

तीन दिवसांनी सहज म्हणून, म्हणजे आशेने, पुन्हा गेलो. साडू नव्या शेडमध्ये जमिनीवर बसून माझीच पोती निवडत होते. शेजारी चिनी मातीच्या कपबशांचा ढीग. लोकांनी फुटले ते सगळे दिले आणि मी ते न बघता भरले होते. चिनी माती काचेत वितळत नाही. एक तुकडा गेला तरी धागा तुटतो. कामगार परत पाठवायचे का ते विचारत होता, "शेठ, परत मोकली दऊं?"

"ना रे. साढूभाईंनी स्वतः फिरून आणलंय."

मी समोर बसलो. साडू वर न बघता म्हणाले, "तुम्हाला विचारायचं मनात होतं. पण रिफायनरीचे साहेब तुम्ही. या भंगारात कशाला याल?"

हेवा करायला माणूस जरा लांब असावा लागतो. इतक्या जवळून त्यांच्या बोटांवरच्या चिरा दिसत होत्या. मी कपाचा एक तुटका कान उचलून बाजूला टाकला आणि विचारले, "उद्या किती वाजता येऊ?"