नऊ ग्रॅमचा फवारा

कारखान्यात तिला शंकाबाई म्हणत, आणि ते तिच्या कानावर गेलेलंही होतं. तिला त्याचा राग नव्हता. तपासणीच्या टेबलावर बावीस वर्षं बसलेल्या बाईने शंका घ्यायची नाही तर काय गाणी म्हणायची, असं तिचं म्हणणं. पंचाईत एवढीच, की संध्याकाळी घरी निघताना ही सवय टेबलावर ठेवून येणं तिला कधी जमलं नाही. दूधवाला, शेजारीण, नवऱ्याला येणारे फोन, सगळ्यांकडे ती एक डोळा बारीक करून बघे. नवरा बिचारा आता निर्ढावला होता.

कारखान्यात जखम धुवायच्या मिठाच्या पाण्याचे फवारे बनत. डब्यात पाणी आणि वर दाबून भरलेली हवा. पाणी संपत जातं तशी हवा ऐसपैस पसरते आणि तिचा जोर ओसरतो. म्हणून नवा कोरा डबा उघड्या जखमेवर सपकन बसतो, आणि तळाला गेलेला नुसता रेंगाळतो. शंकाबाई डबा काट्यावर ठेवायची, मदतनीस तो दहा सेकंद दाबायचा, मग ती पुन्हा वजन करायची. एकदा भरलेला असताना, एकदा अर्धा झाल्यावर, एकदा संपत आल्यावर. जुन्या डब्यांचे आकडे तिला तोंडपाठ होते. अठरा, तेरा, नऊ.

यंदा नवी झडप आली. आत एक बारीक स्प्रिंग आणि रबराची चकती. हवेचा जोर जास्त असला की चकतीने वाट अरुंद करायची, जोर कमी झाला की मोकळी सोडायची. पहिल्या दाबापासून शेवटच्यापर्यंत नऊच ग्रॅम, असा साहेबांचा दावा होता. मदतनीस नुकताच नोकरी सोडून गेला होता, म्हणून शंकाबाईने वीस डबे स्वतःच दाबले. नऊ, नऊ, नऊ. इतकं सरळ काही तिला एरवी पचलं नसतं, पण आकडे स्वतःच्या हातचे होते, म्हणून तिने मुकाट्याने सही केली.

त्याच महिन्यात मदतनिसाच्या जागी तिची धाकटी जाऊ आली. शंकाबाईनेच शब्द टाकून तिला लावून घेतलं होतं. धाकटीची ही आयुष्यातली पहिली नोकरी. पहिले तीन महिने कच्चे, पुढचं काम बघून ठरायचं. ती रोज दहा मिनिटं आधी येऊन काटा पुसून ठेवायची. शंकाबाईला त्यातही काहीतरी दिसे.

दुसऱ्या आठवड्यात धाकटीने नव्या डब्यांचा पहिला तक्ता भरला. सतरा, तेरा, नऊ. पुढचा डबा, अठरा, तेरा, नऊ. शंकाबाईच्या मनात पाल चुकचुकली. हे तर जुन्या डब्यांचे आकडे. कपाटात जुने तक्ते होते आणि किल्ली धाकटीकडे असायची. डबे दाबायचा कंटाळा, म्हणून तक्त्यावरून उतरवले आणि संशय नको म्हणून एखादा आकडा इकडचा तिकडे केला. दोन दिवस तिने धाकटीवर डोळ्यात तेल घालून पाळत ठेवली. धाकटी डबे दाबताना दिसली, तर तिला वाटलं, मी बघतेय म्हणून दाबतेय.

शनिवारी सगळ्यांसमोर साहेबांना ती म्हणाली, "हिने आकडे उतरवलेत. माझी जाऊ आहे म्हणून मी झाकणार नाही."

"मी प्रत्येक डबा दाबलाय, ताई," धाकटी म्हणाली.

"मग माझे आकडे खोटे?"

साहेबांनी बावीस वर्षं आणि दोन आठवडे यांची तुलना केली आणि धाकटीला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं.

दोघी एकाच घरात राहत, थोरली खाली, धाकटी वर. रविवारी वरून पावलांचा आवाजसुद्धा येईना. शंकाबाईला ते लागलं. आपण बरोबर होतो याचा पुरावा समोर असावा असं तिला वाटलं. तिने शनिवारीच गेटवर चिठ्ठी दाखवून जुन्या झडपेचे दोन डबे घरी आणले होते. अठरा, तेरा, नऊ असा तक्ता काढायचा, धाकटीच्या तक्त्याशेजारी ठेवायचा, म्हणजे नक्कल उघडी पडेल.

दुपारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिने पहिला डबा ठेवला. मोरीत दहा सेकंद दाबला. नऊ. काटा बिघडला असेल म्हणून साखरेचं बंद पाकीट ठेवून बघितलं. काटा बरोबर होता. डबा अर्धा केला, पुन्हा दाबला. नऊ. तळाला आल्यावर नऊ.

जुन्या डब्यात ना स्प्रिंग, ना चकती. त्यातून नऊ, नऊ, नऊ येऊच शकत नव्हतं.

"अहो, जरा इकडे या," तिने नवऱ्याला हाक मारली. "हा दुसरा दाबा. पार खालपर्यंत."

"आता माझ्यावर कसला संशय?"

"दाबा म्हणते ना."

त्याने दाबला. अठरा. मग तेरा. मग नऊ.

शंकाबाई मोरीच्या कठड्यावर बसली. काटा येण्याआधी कितीतरी वर्षं ती काळ्या फळ्यावर फवारा मारून ठिपका डोळ्याने बघायची. ठिपका मोठा व्हायला लागला की अंगठा आपसूक सैल व्हायचा. ती खोड अंगठ्यात मुरली होती, आणि काटा आल्यापासून दाबायचं काम मदतनिसाकडे असल्याने तिला पत्ता नव्हता. झडप काहीच करत नव्हती. सगळं तिचा अंगठा करत होता. तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी लाज वाटली.

सोमवारी तिने साहेबांसमोर एक जुना डबा दाबून दाखवला, मग दुसरा त्यांच्या हातात दिला. नंतर नवा डबा त्यांनीच दाबला. सतरा आला. साहेबांनी तयार माल तिथेच थांबवायला सांगितला.

"माझ्या सह्या रद्द करा," ती म्हणाली. "आणि टेबलावर तिला बसवा. मला पॅकिंगला घाला. हा अंगठा आता सुधारायचा नाही."

साहेबांनी स्वतः फोन केला. धाकटी दुपारी आली, शंकाबाईच्या खुर्चीजवळ उभी राहिली, पण बसली नाही.

"तुला कळलं होतं?" शंकाबाईने विचारलं.

"तिसऱ्याच दिवशी. मला दाबून दाखवताना तुमचा अंगठा वर-खाली होताना दिसायचा."

"मग बोलली का नाहीस? नोकरी गेली तरी?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

शंकाबाईने खरंच विचार केला. तिला घरची प्रत्येक खोली आठवली, प्रत्येक माणूस आठवलं.

"नाही," ती म्हणाली. "तूच काहीतरी डाव करतेयस, असं म्हटलं असतं."

"म्हणूनच."

शंकाबाईने खुर्ची मागे ओढून तिला दिली आणि ती पॅकिंगच्या खोलीकडे गेली.